धुरानं आलेलं पाणी धरू नये

मी, ग्यानबा सटवाजी इंगोले, वय ७६, धंदा शेती, राहणार कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. खुब्याचं हाड मोडलं आहे, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मला दोन अपत्ये. मुलगा सोमेश्वर, आणि नांदेडला दिलेली मुलगी कोमल. माझी पत्नी नर्मदाबाई १९९६ साली हळद शिजवताना कढई कलंडून भाजली आणि तिसऱ्या दिवशी वारली. तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता, मुलगी नऊ. राख सावडून आलो आणि दोघांना त्याच कढईखाली जाळ घालायला बसवलं. हळद खोळंबली होती. शिवाय शिजल्याशिवाय हळकुंडाला रंग नाही, तसा माणसालाही नाही, अशी माझी पक्की समजूत. पोरगा रडला नाही. पोरगी रडली, तिला पऱ्हाटीच्या काडीनं झोडपलं.

२. राहतं घर सोमेश्वरला.

३. ती कढई कोमलला. ती अजून भाजीत हळद घालत नाही. नांदेडला मनाचा इलाज करणाऱ्या एका बाईकडे जाऊन बसते, आईचं बोलते, रडून येते. माझं म्हणणं, घाव म्हटलं की घाव होतो, नाही म्हटलं की काही नसतं. हे तिला सुनावलं तेव्हा ती म्हणाली, "आबा, शिजलेली हळद रंगती, पण उगवती का? बेणं तर तुमीच सावलीत, पाल्याखाली झाकून ठेवता." मी तिला घराबाहेर काढलं. बापाला बेणं शिकवते. आता कढई नेऊन दारात ठेवावी आणि रोज पाहावी.

४. गेल्या पोळ्याला ओसरीवरून पडलो. ओरडलो. सोमेश्वर दारात आला, म्हणाला, "आबा, रडायचं न्हाई." आणि बैल घेऊन मारुतीला गेला. रागानं नाही, सवयीनं. त्याच्या मुलीचा, राणीचा हात मोडला तेव्हाही तो नुसता बघत उभा राहिला. सून पोरीला घेऊन माहेरी गेली ती आली नाही. त्या वेळी मी गावभर सांगत फिरलो, पोरगं पोलादाचं आहे.

मला उचललं ते शेजारणीचा फोन गेल्यावर नांदेडहून आलेल्या कोमलनं. सहा महिने माझी घाण काढते. काढताना रडते, पण हात थांबत नाही. दोघांत पक्कं कोण निघालं ते मला दिसतं. कबूल करायला जीव जातो, तरी लिहितो.

५. हळदीचं तीन एकर रान सोमेश्वरला, एका अटीवर. माझ्या सरणापाशी त्यानं गावासमोर रडावं. माझ्या कढईवर तीस वर्षं राबलेले हिरासिंग यांनी जवळ जाऊन त्याचे डोळे पाहावेत. धुरानं आलेलं पाणी धरू नये. न रडल्यास रान कोमलचं. त्याला रडता येणार नाही हे मला ठाऊक आहे. मीच तसं शिकवलं.

६. वरचं कलम परवा दोघांना वाचून दाखवलं. सोमेश्वर म्हणाला, "बराबर हाय," आणि बैलांना पाणी पाजायला गेला. कोमल म्हणाली, "सरणापत्तर काहून थांबता, आबा? आजच जवळ घ्या त्याला. रडंल तो."

दोन दिवस झाले. तो माझ्या खाटेजवळूनच येतो-जातो. मोडला आहे तो खुबा, हात धड आहेत. ते उचलत नाहीत, म्हणून हा कागद.

सर्व मजकूर मी स्वतः वाचला, खाडाखोड नाही. खालील दोघांच्या समक्ष सही करतो.

(सही) ग्यानबा सटवाजी इंगोले

साक्षीदार:
१. हिरासिंग शंकरसिंग राठोड (सही)
२. पद्माबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: कुरुंदा
दिनांक: १४ मार्च २०२५