बोलायचा कोपरा

१४ जुलै, सोमवार
सातवीच्या मराठीच्या तासाला वर्गात चार कोपरे पाडले. वाचायचा, लिहायचा, शब्दकोड्यांचा, बोलायचा. थाळी वाजली की गटानं पुढच्या कोपऱ्यात सरकायचं. पहिल्याच थाळीला गोंधळ. हेडसर दारात येऊन, "म्याडम, राजूरच्या चतुर्थीची जत्रा भरवली का काय वर्गात?" पोरं हसली. मीही हसले, संताप गिळून.

१८ जुलै, शुक्रवार
सविता बोलली! पाचवीपासून 'हजर'शिवाय शब्द नाही, आणि आज तिघींसमोर सुरूच. "आमची म्हैस लय बेरकी हाय. दावं सोडून घेती अन् दुसऱ्याच्या मकात जाऊन उभी राह्यती. मंग आबा मलाच वरडतेत." मी मुद्दाम पाठमोरी. वळले असते तर मिटली असती. थाळी वाजवायची राहूनच गेली.

२३ जुलै, बुधवार
तपासणीला साहेब आले. कोपऱ्यांवर खूश. आसपासच्या शाळांचे शिक्षक घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार. परवाची जत्रा आज हेडसरांच्या तोंडून 'आमचा उपक्रम'. आयत्या बिळावर नागोबा!
वर मला हुकूम, "पोरं बराबर बोलली पाहिजेत. त्या सविताला शुद्ध भाषेत लिहून द्या. म्हैस बिलकुल नको. पर्यावरण घ्या."
म्हटलं, सर, ती आपलं आपण बोलते, म्हणून तर...
"साहेबांसमोर बोलली न्हाई तर?"
दिलं लिहून. चांगल्या अक्षरात.

३० जुलै, बुधवार
पाहुणे आले. सविता हाताची घडी घालून, "पर्यावरण ही काळाची गरज आहे." दुसऱ्या वाक्याला अडली. हेडसर मागून ओठ हलवून सांगताहेत. तिनं कसंबसं संपवलं. टाळ्या, फोटो, चहा. पोरीला घाम फुटलेला, आणि साहेब माझं अभिनंदन करताहेत. मी 'थँक्यू सर' म्हणाले. लाज वाटते स्वतःची.

१ ऑगस्ट, शुक्रवार
आज पाहुणे नाहीत, हेडसरही तालुक्याला. बरं वाटलं. सविताचा गट बोलायच्या कोपऱ्यात. बाकीच्या तिघी बोलल्या, ही गप्प. लांब जाऊन उभी राहिले, तरी गप्प. शेवटी शेजारी बसले. "सांग की गं काहीतरी. तुझ्या मनातलं, घरचं, काहीही."
म्हणाली, "लिहून द्या म्याडम. मंग पाठ करून आणते."
उठून थाळी वाजवली. सोमवारी पुन्हा तिच्या गटाची पाळी आहे.