नखाचा ओरखडा

चि. जतीन,

बाबांना विसर पडायला लागला तेव्हा तू मला वही पाठवलीस. रोज एका चांगल्या गोष्टीचे आभार लिही, आणि उद्यासाठी झेपेल एवढंच ध्येय ठरव, म्हणालास. माझं पहिलं ध्येय होतं त्यांना डहाणूच्या किनाऱ्यावर नेणं. मग आपल्या चिकूच्या वाडीच्या फाटकापर्यंत. मग नुसतं ओट्यावर. हल्ली एकच लिहिते: ह्यांनी मला ओळखावं.

आज त्यांच्यापुढे चिकूंची पाटी ठेवली. एकेक उचलून ते नखाने ओरखडू लागले. सालीखाली हिरवं दिसलं की कच्चा म्हणून बाजूला. एकही चुकला नाही रे! मी हरखून त्यांचा हात धरला. म्हटलं, "मी कोण, सांगा बघू?"

त्यांनी माझ्या मनगटावर नख ओढलं, निरखून पाहिलं, आणि माझा हात कच्च्या चिकूंकडे सारून दिला.

फोनवर तुला "बाबा मजेत आहेत" म्हटलंय, त्यामुळे हे पत्र वहीतच राहील. आभारांची ओळ कोरी आहे. उद्याचं ध्येय मात्र लिहिलं: त्यांना काही विचारायचं नाही.

तुला सगळं न सांगणारी,
तुझी आई
मु. कैनाड, ता. डहाणू