बोटीच्या तळाखाली

आबा, मी जळगावला परत आले आहे. एकटीच. भावाकडे राहते. घरातले सगळे सांभाळून बोलतात, माझ्यासमोर समुद्राचं नाव काढत नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्याशी मात्र काहीही बोलता येतं.

तुम्ही गेल्यानंतर आम्ही बोट घेतली, शिडाची. तुमच्या जावयांनी मालवाहू जहाजांची इंजिनं सांभाळण्यात उमेदीची वर्षं घातली होती. नोकरी सोडली आणि म्हणाले, आता वाऱ्यावर फिरू. कॅरिबियन बेटांकडे एक जुनी बोट मिळाली. मोसम चांगला असेपर्यंत या बेटावरून त्या बेटावर जायचं आणि वादळांचे महिने आले की ग्रेनाडा बेटावर बोट क्रेनने उचलून जमिनीवर घ्यायची. मग खरं काम. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे टणक जीव चिकटलेले असतात. ते खरवडायचे, तळाचं फुगलेलं फायबर घासून काढायचं, त्या जागी चिकट रेझिन भरायचं, रंग द्यायचा. रेझिनचा डबा उघडला की तो वास यायचा आणि मी आपल्या फायबरच्या पाणीटाक्यांच्या कारखान्यात जाऊन उभी राहायचे.

मे महिना आहे, वरचे पत्रे तापलेत. दहावीची परीक्षा संपलेली, आणि मी उघड्या हातांनी साच्यावर रेझिन दाबत बसले आहे. तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरता. रागावलात की तुमची धुळ्याकडची बोली बाहेर यायची. "हात जाळी लेशी ना पोरी! व्हय बाजूले!" सगळ्या कामगारांसमोर. मी रडत घरी गेले. संध्याकाळी तुम्ही रबरी हातमोजे आणलेत, माझ्या हाताला चांगलेच मोठे, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलेत. बोटीचा तळ घासताना ही गोष्ट मी यांना कितीदा सांगितली असेल. ते हसायचे. "जावयाला मात्र आबांनी नुसती अंगठी दिली."

त्या सकाळी आम्ही एका लहानशा खाडीत नांगर टाकून होतो. बोट जड चालतेय, तळाला फार शेवाळ धरलंय, असं ते दोन दिवस म्हणत होते. खरवडणी घेऊन पाण्यात उतरले. हे काम त्यांनी शेकडो वेळा केलेलं. मी खाली केबिनमध्ये ओट्याशी भाकरी थापत होते, ज्वारी मिळत नाही म्हणून मक्याची. माझ्या पायांखाली, फळीच्या पलीकडे, ते खरवडत होते. खर्र, खर्र. थोडं थांबायचं, श्वास घेऊन आले की पुन्हा सुरू. मग थांबलं. मी भाकरी उलटली. वर गेले असतील. भाकरी फुगली, उतरवली, दुसरी थापायला घेतली, आणि माझ्या लक्षात आलं की पाण्यावर कसलाच आवाज नाही.

मी वर जाऊन हाका मारल्या. शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्या फ्रेंच बाईने उडी मारली, तिच्या नवऱ्याने मारली. दोघांनी त्यांना वर आणलं. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं, तुम्ही काही करू शकला नसता. लोक हे इतक्या चांगुलपणाने सांगतात.

राख त्यांच्या गावी, शिरपूरला नेली, तापीत सोडली. सासूबाई काठावर बसून होत्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पानी देखाले इतलं लांब कसाले ग्यात तुम्ही? आपली तापी नव्हती का?" मी राखेचं रिकामं भांडं नदीत विसळलं. तुमच्या कारखान्याच्या जागी आता ठिबकच्या नळ्यांचं गोदाम आहे. परवा मी त्याच्या फाटकाशी जाऊन आले. आत कोणी ओळखीचं नव्हतं, वासही नव्हता. दुपारी भावजय म्हणते, "ताई, जरा बाहेर चला, बरं वाटेल." मी जाते. बरं वाटत नाही. दिवस उगवतो, एवढंच.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. आणि खरं सांगायचं तर, आबा, मला ते तुम्हाला लिहायचंही नव्हतं. तुम्ही गेला आहात हे मी कधीचंच मान्य केलंय. त्यांना लिहायला बसते, आणि कागदावर पहिला शब्दसुद्धा टाकवत नाही.