राखून ठेवलेली ओळ

५ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी पाहिला! लेकीने तिकिटं हातावर ठेवली — "आई, दुपारच्या खेळाला निम्मे दर असतात, आता तरी चल." निम्मे दर म्हटल्यावर मला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही.

जादूचा सिनेमा म्हणजे राक्षस आणि उडते गालिचे असतील असं वाटलं होतं. कुठलं काय! सगळा सिनेमा एका कचेरीत. लोखंडी कपाटं, फायलींचे गठ्ठे, कुरकुरणारा पंखा. आणि नायक? आवक-कारकून! आलेलं प्रत्येक पत्र वहीत चढवायचं, नंबर टाकायचा, शिक्का मारायचा. म्हणजे आमच्या ह्यांचंच काम! एकतीस वर्षं हे तेच करताहेत आणि मी कधी धड विचारलंही नाही.

जादू एवढीच — हा कारकून रोज वही मिटताना शेवटची ओळ कोरी राखून ठेवतो. तिथे मागाहून जे लिहावं ते त्याच तारखेला घडलेलं असतं. एक म्हातारी खिडकीशी येते. "माझी माफी गेल्या वर्षीच्या त्या सोमवारी चढव रे बाबा. मंगळवारी मुलगा घर सोडून गेला." तो चढवतो. आणि जिन्यावरून मुलगा वर येतो, हातात भाजीची पिशवी, जणू कधी गेलाच नव्हता! मी पदर डोळ्यांना लावला. लेक म्हणते, "अगं, मध्यंतर तरी होऊ दे!"

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी देवापुढे बसले तर डोळ्यांपुढे तो शिक्का. देवाची माफी मागितली. पण देवालाही आवडला असता सिनेमा.

ज्याने काढला तो नक्की कचेरीत बसलेला असणार. ओल्या स्पंजावर बोट टेकवून पान उलटणं, टाचणी ओठात धरून बोलणं — सगळं बरोब्बर! शेवटी बडे साहेब येतात, त्यांना ती कोरी ओळ लबाडीसाठी हवी असते. हा उठत नाही, ओरडत नाही. लाल शाईचं पेन उघडतो आणि त्या ओळीवर तिरकी रेघ मारतो. संपलं! इतका शूर माणूस मी पडद्यावर पाहिला नव्हता. आणि चपलेचा अंगठा तुटलेला!

८ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना ह्यांना गोष्ट सांगितली. हसून ठसका लागला. मी मॅट्रिक झालेली, म्हणून ह्यांचं चिडवायचं नाव ठरलेलं. "मॅट्रिकबाई, आमच्यावर सिनेमा? मग नायिका कोण, टाचणी?"

मी सहज विचारलं, "तुम्हीपण सोडता का हो कोरी ओळ?"

हात थांबला. "सोडतो. सगळेच सोडतात. पाच वाजून गेल्यावर कुणी धापा टाकत आलं तर काय करायचं?" आणि ताटात अन्न टाकून उठले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! मी तर घरखर्चाच्या वहीतही ओळ रिकामी ठेवत नाही. पण ते बोलून दाखवलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज चहाच्या वेळी आपणहून बोलले. एका शाळेच्या छपराचं टेंडर आहे. पाकिटं द्यायची मुदत ३१ जानेवारी. साहेबांच्या ओळखीच्या माणसाचं पाकीट आलं ४ फेब्रुवारीला. साहेब म्हणतात, ३१ तारखेची कोरी ओळ आहे ना, तिथे बसवा. वर म्हणाले, "निवृत्तीला दहाच महिने राहिलेत ना तुमच्या? सांभाळून."

मी तावातावाने म्हटलं, "त्यात विचार कसला करायचा! रेघ मारा आणि मोकळे व्हा. तो सिनेमातला बघा—"

"तो सिनेमातला आहे," हे म्हणाले. चिडून नाही. चिडले असते तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांचा चहा दोनदा गार झाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांना अर्धी रजा टाकायला लावली आणि सिनेमाला नेलं! आधी अंग चोरून बसले होते. मग मोठ्यांदा — "अहो, शिक्का आधी नाही, नंबर आधी!" पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. मला इतकं हसू आलं! कितीतरी दिवसांनी माझा माणूस परत भेटल्यासारखं वाटलं. रेघ मारायच्या वेळी मात्र चष्मा काढून पुसत बसले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "छान काढलाय. पण एक राहिलं. त्या म्हातारीची नोंद? तीही खोटीच."

"अहो, ती चांगल्यासाठी होती!"

"हो," म्हणाले, "चांगल्यासाठीच होती."

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळं कळलं.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने ह्यांच्याच कचेरीत नोकरीसाठी अर्ज केला होता. अर्ज टपालात अडकला, मुदतीनंतर दोन दिवसांनी पोचला. ह्यांनी तो कोऱ्या ओळीत बसवला. भावाला सांगितलं नाही, मलाही नाही. शेजारच्या टेबलावरच्या पोराने तेवढं पाहिलं. तोच आज साहेब झालाय.

"मी रेघ मारली की तो जुनी वही काढणार," हे म्हणाले. "माझं काय, दहा महिने. पण तुझ्या भावाच्या नोकरीवर येईल."

भावाला नोकरी लागली तेव्हापासून मी रोज देवाचे आभार मानतेय. एकोणीस वर्षं! त्याने माझं ऐकलं म्हणून. आणि ज्याचा अर्ज वेळेत आला होता, तो कोण असेल? त्याच्या घरीही कुणी हात जोडून बसलं असेल की.

ह्यांनी विचारलं, "आता काय म्हणतेस?"

मंगळवारी मी किती पटकन उत्तर दिलं होतं! तरीही लिहून ठेवते — ह्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. सिनेमातल्या माणसाला मेहुणा नव्हता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दारातून परत फिरून हे म्हणाले, "बोल." मी म्हटलं, "मारा रेघ."

दुपारी ह्यांचा फोन आला. साहेबांच्या वरच्यांना सगळं लेखी दिलं. ३१ तारखेच्या ओळीवर रेघ मारली, आणि एकोणीस वर्षांपूर्वीचं पान स्वतःच उघडून दाखवलं.

भावाची बदली मागेच दुसऱ्या कचेरीत झालीय, त्याला अजून काही माहीत नाही. तो साडेपाचला सुटतो. बाहेरच्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगणार. चपला घातल्यात.