नऊ नंबरच्या दोन गोगलगायी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तो सध्या खुर्चीत बसूनच केला आहे, पण भाव तोच). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की आता घरचाच होऊन राहिला? आम्ही इकडे ठीक आहोत. शिवणाच्या दुकानात काम भरपूर आहे, हिची तब्येत बरी आहे, आणि माझी अब्रू सोडली तर घरात सगळं जागच्या जागी आहे. त्या अब्रूचं काय झालं हे तुला भलत्याच कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच कळवतो.

तुझी भाची यंदा सातवीत गेली. (तू तिला ठेवलेलं 'चौकशी' हे नाव आता शाळेतही पोचलं आहे.) तिच्या विज्ञानाच्या बाईंनी प्रदर्शनासाठी वेगळीच अट घातली. दुकानातून विकत आणलेली प्रतिकृती नको, पुस्तकातून उतरवलेला प्रयोग नको. घरात कुणालाच ज्याचं उत्तर माहीत नाही असा एक प्रश्न शोधा आणि उत्तर आपलं आपण काढा. (असे प्रश्न शोधायला आपल्याला लांब जायला नको, असं तिची आई म्हणाली. म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.) आता आमच्या परसात गोगलगायींचा सुळसुळाट आहे. ही रोज सकाळी त्या वेचून भिंतीपलीकडे टाकते आणि दुसऱ्या दिवशी म्हणते, "आली मेली परत!" चौकशीने विचारलं, "तीच कशावरून?" झालं. प्रश्न मिळाला. टाकून दिलेली गोगलगाय घरी परत येते का? मी म्हटलं, अगं, गोगलगाय आणि पोटात पाय, तिचा काय नेम! तर तिने वाचनालयातलं पुस्तक आणून दाखवलं की गोगलगायीचा पाय खरोखरच पोटाखाली असतो. म्हणजे म्हण करणाऱ्याने निदान उलटी करून बघितली होती. मी तेवढंही केलं नव्हतं.

तिने वीस गोगलगायी धरल्या, त्यांच्या पाठीवर आईच्या नेलपॉलिशने एक ते वीस आकडे घातले, आणि मला सांगितलं की भिंतीपलीकडच्या पोस्टमास्तरांची परवानगी काढा. (ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गल्लीत अजून पोस्टमास्तरच.) इथे माझा पहिला गुन्हा. दोन वर्षांपूर्वी मी त्यांची पँट चार बोटं आखूड शिवली होती आणि तेव्हापासून आमचा अबोला होता. आता गोगलगायींसाठी बोलणं सुरू करायचं म्हणजे जरा अवघडच. म्हणून मी दुकानाच्या दारापर्यंत गेलो, तिथे पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत येऊन म्हणालो, "हो म्हणाले." रविवारी आम्ही टोपलीला दोरी बांधून वीसच्या वीस पलीकडे उतरवल्या.

सोमवारी एकही आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. चौकशी रोज शाळेआधी परसातली कुंडी न् कुंडी उचलून बघायची आणि वहीत शून्य लिहायची. ताई, तुला आपल्या अप्पांचा स्वभाव आठवत असेल, मुलांचं तोंड उतरलेलं त्यांना बघवायचं नाही. तो गुण (की अवगुण) माझ्यात आला आहे. बुधवारी ती अर्धी पोळी टाकून उठली. दुसऱ्या दिवशी मी परसातल्या तीन साध्यासुध्या, कुठेही न गेलेल्या गोगलगायी धरल्या, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि त्यांच्यावर तीन, नऊ आणि चौदा हे आकडे घातले. (बाहेर एक नवरदेव कोटाचं माप द्यायला ताटकळत होता. मशीनला तेल घालतोय असं मी आतून ओरडलो.) त्या कुंडीमागे ठेवल्या. चौकशीला सापडल्या तेव्हा तिने जी उडी मारली, ती बघून मला माझं काही चुकलं असं वाटेना. शुक्रवारी मी आणखी दोन आणल्या, सहा आणि सतरा. हात बसला होता.

शनिवारी सकाळी परसात गोगलगायींची जत्राच भरली. मोजल्या तर एकदम सतरा नव्या. मला काहीच कळेना, कारण यांतली एकही माझी नव्हती. चौकशी मात्र उडी मारायची विसरली होती. वीस सोडल्या आणि बावीस परत आल्या, हा हिशेब तिला काही केल्या पटेना. मी चहा पीत होतो, तर तिने माझ्या बशीशेजारी दोन गोगलगायी आणून ठेवल्या. दोन्हींवर नऊ.

"बाबा, यातली खरी कुठली?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"ही माझी. माझ्या नऊचं शेपूट सरळ खाली जातं," ती म्हणाली. "हिचं वर वळलंय. तुमच्या मापाच्या वहीत छातीपुढे असाच नऊ असतो."

मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता रडेल, ओरडेल. ती मात्र वहीतली शून्याची पानं चाळत बसली आणि मग म्हणाली, "शून्य पण उत्तरच होतं ना, बाबा. ते माझं होतं."

ताई, आजवर मी लोकांचं पुष्कळ कापड बिघडवलं आहे. पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिने मला हाताला धरून पोस्टमास्तरांकडे नेलं. परवानगीची थाप तिथेही कबूल करावी लागली. उरलेल्या सतरांचा उलगडाही तिथेच झाला. पोस्टमास्तरांना आपल्या कोबीवर नंबर घातलेल्या गोगलगायी दिसल्या. नंबर आहे म्हणजे माल कुणाचा तरी आहे आणि तो धन्याला पोचला पाहिजे, असं म्हणून ते रोज सापडतील तेवढ्या वेचून पुठ्ठ्याच्या खोक्यात पानं घालून ठेवत होते आणि शनिवारी सकाळी त्यांनी सगळ्या एकदम भिंतीवरून आमच्याकडे उतरवल्या. (ती आखूड पँट त्यांनी घातलेलीच होती. बागकामाला बरी पडते, चिखल लागत नाही, असं आपण होऊन म्हणाले. मी मान खाली घातली.) त्यांनी एक वही काढली. कितवी गोगलगाय, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे सापडली, सगळी नोंद. चौदाजणी कोबीवर, तिघी भिंतीवर आमच्या बाजूला तोंड करून. उरलेल्या तिघींचा पत्ता नाही. चौकशी त्यांच्या ओट्यावर बसून तासभर ती वही उतरवून घेत होती, आणि ते दोघे असे बोलत होते की जणू मी तिथे नव्हतोच.

प्रदर्शनात तिने तक्ता लावला, 'माझा प्रयोग कसा बिघडला.' त्यात 'अडथळे' म्हणून एक रकाना होता. एक, वडील. दोन, शेजारी. दिवसभर मी त्या तक्त्याशेजारी इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होतो. लोक वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा वाचायचे. परीक्षक बाईंनी विचारलं, "हे वडील कोण?" मी हात वर केला. बक्षीस चालत्या यंत्रमानवाला गेलं. पण त्या परीक्षक बाई आमच्या तक्त्यासमोर खाली मांडी घालून बसल्या आणि तिच्याशी अर्धा तास बोलल्या. उठताना म्हणाल्या, पुन्हा कर. चौकशीने विचारलं, "कुठे?" तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भावोजींना नमस्कार. तुम्ही दोघं जपून असा.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. चौकशी आणि तिची आई तुझ्या दारात उभ्या आहेत. सुट्टीभर लेकीला ठेवून घे. तुझी बाग मोठी आहे आणि मुख्य म्हणजे तिथे मी नाही. ही दोन दिवसांत परत येईल. पिशवीतल्या डब्यात खाऊ नाही, तेव्हा कृपा करून तो स्वयंपाकघरात उघडू नकोस.

ता. क. दुसरा. मला गोगलगायींशी काही देणंघेणं नाही. तरी एखादी परत आली तर चौकशीच्या नकळत एक फोन करशील का? नुसता आकडा सांगितलास तरी चालेल.

आत्या, हे पत्र मी गाडीत वाचलं. प्रयोग संपेपर्यंत बाबांना आकडा सांगायचा नाही. आवाज रडवेला झाला तरी नाही. संपल्यावर पहिला फोन मीच त्यांना करणार आहे, शून्य असलं तरी. — चौकशी