पौषातली चूल

बुधवार, २१ डिसेंबर १९६०

तळोद्याहून जीपनं परत. घसा पार बसलाय. सभा मात्र भरली. डोंगरातली माणसंही उतरून आली होती. विषय नेहमीचाच, सहकारी शेती. शेवटी एका म्हाताऱ्यानं उभं राहून विचारलं, "भाऊ, तुन्हा घरमा तरी सगळं एक शे का?" म्हटलं, नांगर एक, खळं एक, चूलही एक! टाळ्या थांबेनात.

घरी आलो तर माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. वर न बघता म्हणाली, "तात्या, तू गावेगाव एक करी ऱ्हायना. आठे घरमा चूल वेगळी करानी गोष्ट चालू शे."

कोण म्हणतं? मायनं धाकट्या भावाच्या, शांतारामच्या खोलीकडे हनुवटी उडवली.

म्हणजे कमल. शां.ची बायको. लोणखेड्याची, सातवी शिकलेली, तोंडावर बोलणारी. वाटलंच होतं.

शुक्रवार, २३ डिसें.

नाताळची सुट्टी लागली. बहीण सुमन, जावईबापू आणि पोरं नवापूरहून आली. नंदुरबारपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी., फाट्यावर शां. बैलगाडी घेऊन. घर एका क्षणात भरलं. सौ. आणि कमल सकाळपासून चुलीपुढे. ज्वारीच्या भाकरी, शेवेची भाजी, वर कांदा. रस्सा असा की कानातून वाफ निघावी. जावईबापूंच्या डोळ्यांना पाणी.

सुमन हसली. "यास्ले आते डाळमा गूळ लागस. गुजरातना वारा लागेल शे."

जेवणं चालू असतानाच माझे तळोद्याचे तीन कार्यकर्ते दारात. मीच येताना म्हटलं होतं, कधीही या. सौ.नं परत पीठ काढलं. ती कधी बोलत नाही. या घराचा कणा आहे ती.

शां.ला खळ्यावर गाठून विचारलं, चुलीचं काय? म्हणाला, "तात्या, माले नका इचारू," आणि बैलाच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिला. बायकोच्या धाकात!

शनिवार, २४ डिसें.

थंडी कडक. सकाळी शेकोटीपाशी वाचन. रशियातल्या सामुदायिक शेतांवरचं पुस्तक पुन्हा काढलं. समासात टिपा. तिथंही माणसं खाजगी कोंबड्यांवर अडून बसली होती.

मंगळवारी मांडे ठरले. त्यासाठी गहू ओलवून, वाळवून, दळून झाले. आज पीठ फडक्यातून चाळणं चाललंय. मांडा हातावरच वाढवायचा, कोपरापर्यंत न्यायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. हात फक्त कमलचा. पुरण मात्र सौ.चं. पाट्यावर असं वाटते की बोटाला कण लागू नये. दोघी मागच्या दारी बसून कुजबुजत होत्या. मी गेलो तशा गप्प.

ठरवलं. उद्या वावरात भरीत आहे. सगळे असतील. तिथं बोलायचं. जे मनात सडतं ते उघड्यावर आणलं की निम्मं बरं होतं, हा माझा जन्मभराचा अनुभव.

रविवार, २५ डिसें.

लिहू की नको असं झालंय. लिहितो.

नदीकाठच्या वावरात दुपारी सगळे. तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा जाळ केला. वांगी हिरवी, लांबोडी, दव सुकलेलं. जावईबापू म्हणाले, भाजायचं काम मन्हं. भाजा म्हटलं. पण वांग्याला टोचे मारायचे असतात हे ते विसरले. पहिलं फुटलं ते बंदुकीसारखं. गर शां.च्या टोपीवर. दुसरं फुटलं तशी पोरं पळाली.

कमल म्हणाली, "पाव्हणा, वांगामा गूळ नही म्हणीसन चिडना वाटस ते."

माय इतकी हसली की तिला ठसका लागला. उरलेली वांगी सौ.नं ताब्यात घेतली. काठवटीत ठेचली. भाजलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. मायनं मिठाची चिमूट टाकली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हातावर आली. मी पाच खाल्ल्या. कुठल्याही मेजवानीत असं सुख नाही.

आणि मग मी बांधावर उभा राहिलो.

चांगलं बोललो. हे मान्यच करावं लागेल. एक जाळ, एक काठवट, एक भाकरी. घर म्हणजे पहिली सहकारी संस्था. ती ज्याला टिकवता येत नाही त्यानं गावाच्या गोष्टी करू नयेत. आवाज लागला होता. शेवटी म्हणालो, धाकट्या घरातून आज वेगळ्या चुलीची भाषा ऐकू येतेय, ती इथंच, या विस्तवात जाळून टाका!

जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

कमलचा चेहरा पांढरा. शां. उठून बैलांकडे निघाला. आणि विस्तवापाशी भाकरी थापत बसलेली सौ., हात न थांबवता, मान वर न करता म्हणाली,

"चूल मी मांगेल शे. कमलनी नही."

भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला.

परतताना बैलगाडीत मायनं डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता.

सोमवार, २६ डिसें.

सकाळी नदीवर गेलो. रागात. मला आधी का नाही सांगितलं? परत येऊन हेच तिला विचारलं. ती गोठ्यापाशी शेण गोळा करत होती.

"सांगं व्हतं," म्हणाली. "दिवाईमा. तुम्ही पेपर वाची ऱ्हायनात. म्हणनात, दखसूत."

दिवाळीत 'बघू' म्हणाल्याचं आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही.

काय कमी आहे तुला इथं? मी. आवाज चढला होता.

तिनं टोपलं खाली ठेवलं. "लगीन व्हईसन इतला वरीस व्हयनात. डाळमा मीठ कितलं टाकानं, ते भी माले मालूम नही."

समजायला वेळ लागला. खरं आहे. आमच्या घरात मीठ मायच्या हातचं. सासूनं तिला दिलेला मान. भाजी सुनांनी करायची, शिजत आली की माय उठणार, गाडग्यातून चिमूट घेणार, टाकणार. लहानपणापासून पाहत आलो. मला ते गोड वाटायचं. त्या चिमटीखाली कोणी दबलं असेल हे कधी मनात आलं नाही.

सुमन मध्ये पडली. रडायलाच लागली. म्हणे माहेर एक राहायला पाहिजे, मी कोणत्या दारी येऊ? तिची स्वतःची नवापूरला वेगळी चूल आहे, सासू दिराकडे! सौ. तिला म्हणाली, "ताई, तुम्ही आठे पाहुनी म्हणीसन येतस. माले बी कोनाकडे पाहुनी जावानं शे. कमलकडे जासू. कमल मन्हाकडे ई."

कमल मान डोलावत होती. म्हणजे दोघींचं आधीपासून ठरलेलं. भांडण नाहीच. मी जे जोडायला निघालो होतो ते तुटलेलंच नव्हतं.

प्रत्येक सभेत सांगतो, सहकार सक्तीनं होत नाही. ज्याला बाहेर पडायची मुभा नाही तो सभासद नव्हे, वेठबिगार. हे वाक्य मीच लिहिलंय. चांगलं वाक्य आहे. आज ते माझ्या ओट्यावर येऊन बसलं.

बोललो तिला. चूल घे म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हना काय संबंध? मायनी दिधी पाहिजे."

माय तेव्हापासून देवघरात. सगळं ऐकलेलं.

मंगळवार, २७ डिसें.

मांडे! मन प्रसन्न. अगदी.

माय स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही म्हणून ओट्यावर बसली. "मी कोन? करा तुम्हनं तुम्ही." दोघी कामाला लागल्या. अंगणात खापर चढलं. कमलच्या हातावर मांडा असा वाढत जातो की पलीकडचा लिंब त्यातून दिसावा. सौ. खापराखालचा जाळ सांभाळते, उलटते, घडी घालते. बोलावं लागत नाही त्यांना. पोरं भोवती. तुपाचा वास थेट मारुतीच्या पारापर्यंत गेला असणार, कारण दोघं-तिघं सहज म्हणून डोकावले आणि बसलेच.

पहिली पंगत. मांडा, दूध-तूप, भजी, पुरणाच्या कटाची आमटी. मी आमटीचा भुरका मारला.

मीठ नाही.

शां.कडे पाहिलं. तो ताटात बघत होता. पारावरचे पाहुणे मुकाट जेवत होते. कोणाची छाती होईना. जावईबापू फार काकुळतीनं म्हणाले, "लोणचं शे का थोडं?"

मायला ओट्यावर समजलंच. आली, आमटीत बोट बुडवून चाखलं.

"मीठ कोन टाकं?"

कमल सौ.कडे बघत म्हणाली, "माले वाटनं, जीजी टाकी." सौ. म्हणाली, "माले वाटनं, माय येई."

"दखा!" माय पंगतीकडे वळून गरजली. माझं वक्तृत्व कुठून आलं ते आज कळलं. "चूल मांगी ऱ्हायन्यात, अन् मीठनी याद नही!"

आधी सौ.ला हसू फुटलं. मग कमलला. दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की खापरावरचा मांडा करपला. पंगत हसली. माय हसली नाही, पण तिनं गाडगं आणून चिमूट टाकली आणि आमटी स्वतः वाढायला घेतली. मी सात मांडे खाल्ले.

दुपारी सौ. भांडी घासता घासता मला म्हणाली, आता हसू नव्हतं, "म्हणीसनच पाहिजे माले."

बुधवार, २८ डिसें.

मायनं निकाल दिला. "पौषमा नवी चूल पेटत नही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. का, ते सगळ्यांना ठाऊक. पौष, अमावास्या, मुहूर्त यांच्याविरुद्ध या पंचक्रोशीत माझ्याइतकं कोणी बोललेलं नाही. गेल्या साली याच महिन्यात शां.च्या विहिरीचं काम मी हट्टानं सुरू करायला लावलं होतं.

एक क्षण मोह झाला. गप्प बसलो तर गोष्ट लांबणीवर. लांबली की थंड होते. घर एक राहील. मलाही अजून तेच हवंय, हे इथं लिहायला हरकत नाही. मी एकत्रपणावर विश्वास ठेवणारा माणूस आहे, कालही, आजही.

पण म्हणालो, "माय, विस्तवाला महिना कळत नाही. चूल घालू दे त्यांना."

माय म्हणाली, "तू सभामा बोल."

मनाई पेटवायला, थापायला नाही. दोघींनी दुपारीच नदीवरून पिवळी माती आणली. भुसा, घोड्याची लीद मिसळून तुडवली. मागच्या पडवीत चूल थापली. सुमननंही शेवटी पाणी आणून दिलं, नाक ओढत. शां. लांबून बघत होता. मला म्हणाला, "तात्या, मी कोठे जेवसू?" दोन्हीकडे, म्हटलं. त्याचं तोंड उजळलं.

शुक्रवार, ३० डिसें.

पाहुणे गेले. सुमनबरोबर ज्वारीचे पापड, तूर, मांड्यांची चळत. जावईबापूंनी वांगी मागून घेतली आणि पोरांना म्हणाले, टोचे मारीसन भाजसूत. माय सुमनला कुंकू लावताना नेहमीचं 'मन्हा दारी येजो' बोलली नाही, "पुढला वर्षी येजो" एवढंच. कोणत्या दारी, ते नाही.

घर रिकामं. मायचा अबोला चालू. सुनांशी बोलते, चुलीविषयी नाही. मीठ तिचंच.

मधल्या वेळात आणखी दोन सभांची बोलावणी. एकीला हो म्हटलं. आणि सौ.ला विचारलं, त्या दिवशी चौघं जेवायला येतील, चालेल का? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, दोन येऊ द्या.

सोमवार, २ जाने. १९६१

धुकं. नदी दिसत नव्हती.

सकाळी पडवीकडून थपथप आवाज. पाहतो तर माय नव्या चुलीपुढे फतकल मारून बसलेली. कोपरापर्यंत चिखल. थापलेल्या चुलीची एक बाजू तिनं चक्क फोडली होती.

मी दारातच थबकलो. सौ. आधीच तिथं, भिंतीला टेकून. रडते की काय वाटलं. रडत नव्हती.

"कोन थापी ही?" माय पुटपुटत होती. "तोंड दखा इन्हं. बोगदा शे का? सगळा धूर डोयामा जाई." ओली माती लावत, अंगठ्यानं दाबत तिनं तोंड अरुंद केलं. मागचं वैल सारखं केलं. पाण्याचा हात फिरवला. आम्ही दोघं उभे, ती आमच्याकडे बघत नाही.

माय, म्हणजे पेटवायची का? माझ्याच्यानं राहवेना.

तिनं चुलीशेजारची जमीन तळहातानं चाचपली, भिंतीपासून वीतभर अंतर मोजलं आणि सौ.ला विचारलं,

"मीठनं गाडगं कोठे ठेवशी?"

सौ. हळूच खाली बसली आणि तिनंही तिथं हात ठेवला.