बिदागीच्या दिवशीची खुर्ची

बाबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीच, तरी लिहायला बसले आहे. सकाळपासून दिग्रसचा कापसाचा बाजार डोळ्यांपुढून हलत नाही. आपण बहुरूपी. आठवडाभर गावात रोज नवं सोंग घ्यायचं आणि शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत दारोदार फिरून बिदागी मागायची, हा आपल्या घराण्याचा रिवाज. सगळ्या सोंगांत तुमचा आजारी शेठ लोकांच्या फार आवडीचा. काळी टोपी, मी शिवलेला लांब कोट, पोटाला बांधलेली उशी. जिनिंगच्या शेठजींच्या पेढीवर तुम्ही थाटात शिरायचात, एकदाच खोकायचात आणि छातीला हात लावून कलंडायचात. त्याबरोबर हमाल, दिवाणजी, सगळे हातातलं काम टाकून खेळात उतरायचे. कोणी खुर्ची आणायचा, कोणी पंख्याने वारा घालायचा, आणि तुम्ही अगदी क्षीण आवाजात म्हणायचात, "मोटार काढा!" की अख्खा बाजार ओरडायचा, "मोटार काढा!" एवढ्याशा खोकल्याला एवढी धावपळ बघून खरे शेठजीही पोट धरून हसायचे. त्यांना वाटायचं, तुम्ही दुसऱ्याच कुठल्या शेठची नक्कल करताय. धन्य ते!

पण बिदागीच्या दिवशी त्याच पेढीच्या पायरीखाली तुम्ही उभे. खुर्ची कोटाला होती, तुम्हाला नव्हती. मला फार राग यायचा. एकदा म्हटलंही, "बाबा, कोट घालूनच जा ना बिदागीले. बसवतीन तरी." तुम्ही चुलीतल्या काडीने बिडी पेटवत होतात. "सोंग लोकाईसाठी असते बाई. आपल्या गरजेले घातलं का लबाडी झाली," म्हणालात, आणि विषय संपला.

महाराष्ट्र राज्य नवं झालं त्या साली बिदागीचं धान्य आणायला मी तुमच्यासोबत होते. तुमच्या अंगात ताप होता, तरी रिवाज मोडायचा नाही म्हणून निघालात. आपण पायरीशी पोचतो, आणि तुम्ही खोकता, छातीला हात लावता, कलंडता. अगदी तसेच. मग जो हशा उसळतो! एक हमाल ओरडतो, "आज कोटाबिगर सोंग! वा रे बहुरूप्या!" मी शेठजींकडे धावते. "शेठजी, सोंग नाही हो, खरंच होऊन राह्यलं. मोटार काढा, यवतमाळले न्या माह्या बाबाले!"

"मोटार काढा!" सगळा बाजार एका आवाजात ओरडला. मी रडायला लागले तर म्हणाले, पोरगीही बापावरच गेली. शेठजींनी हसत हसत आपली स्वतःची खुर्ची पुढे केली, दोघांनी तुम्हाला उचलून तीत बसवलं, कोणी वारा घालू लागलं. मोटार समोर लिंबाखालीच उभी होती, ड्रायव्हर तिला टेकून टाळ्या वाजवत होता. मी कोणाचा हात धरू, कोणाच्या पाया पडू? ओरडणं, रडणं, पाया पडणं, सगळं त्यांच्या लेखी खेळच होता.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काही सांगायचं होतं का, मला आजही ठाऊक नाही. मग वारा घालणाऱ्याचा हात थांबला, आणि हसणं हळूहळू गप्प झालं. मोटार निघाली, पण तुम्हाला वस्तीवर घरी पोचवायला. शेठजी नंतर रडले, खोटं कशाला सांगू. त्यांच्यावर चिडावं तर तेही जमत नाही. तुमच्याशीच भांडत आले आहे इतकी वर्षं, की जरा कमी चांगलं सोंग करता आलं नसतं का तुम्हाला?

हे पत्र कुठे टाकणार? पेटीत तुमचा कोट आहे, त्याच्या खिशात राहील. एक सांगायचं आहे, त्यासाठीच तर बसले. काल माझ्या छातीत कळ आली. सून घाबरली, "आई, चला ना लवकर, कायले वेळ लावता?" मी तिला थांबवलं. आधी रेशमी साडी नेसले, तिच्या पाटल्या माझ्या हातात चढवल्या, मगच दवाखान्यात गेले.

खुर्ची लगेच मिळाली, बाबा.